गटारं बघायची नोकरी घ्यावी का?

प्रश्न: मुलगी यंदा सिव्हिलमधून बी.ई. होतेय. बाणेरच्या एका मोठ्या गृहप्रकल्पावर तिला पर्यावरण इंजिनिअर म्हणून बोलावलंय. पावसाचं पाणी, गाळ आणि परवानग्या बघायच्या. घरचे म्हणतात, डिझाइन सोडून गटारं कसली बघतेस? यात पुढे काही आहे का?
– एक आई, धायरी

उत्तर: नमस्कार. डिझाइन सुटतं हा घरच्यांचा गैरसमज आहे. दोन हेक्टरचा खोदलेला प्लॉट घ्या. तासाला 50 मिलिमीटरच्या सरीत, अपवाह गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) 0.6 धरला, तर रॅशनल सूत्राने (हा वाटा गुणिले पावसाचा वेग गुणिले क्षेत्रफळ) सेकंदाला साधारण 167 लिटर पाणी निघतं. ते कुठे अडवायचं आणि कुठल्या चेंबरला सोडायचं, हे मे महिन्यातच कागदावर आलं पाहिजे. कॉलेजातलं हायड्रॉलिक्सच हे, फक्त गमबूट घालून करायचं.

खरी डोकेदुखी बारीक मातीची. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसते. 0.01 मिमीच्या कणाला एक मीटर खाली जायला तीनेक तास लागतात, आणि 0.001 मिमीच्या चिकणमातीच्या कणाला तेरा दिवस, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. त्यामुळे काळ्या मातीच्या सायटीवर नुसता खड्डा खणून गाळ बसत नाही. तुरटी किती घालायची ते जार टेस्ट करून, म्हणजे बरण्यांतल्या गढूळ पाण्यात वेगवेगळं प्रमाण घालून बघून, ठरवावं लागतं. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पावसाळ्यात माती उघडी कमी ठेवणं. पण त्यासाठी खोदाईचं वेळापत्रक बदलावं लागतं, आणि तिथे प्रोजेक्ट मॅनेजरशी वाजतंच.

सिल्ट फेन्स, म्हणजे गाळ अडवणारं कापडी कुंपण, सर्रास चुकीची लावलेली दिसते. बांबूला हिरवी शेडनेट बांधायची, फोटो काढायचा, झालं! खरं तर जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड लागतं. त्याची खालची कड पंधराएक सेंटिमीटर चरात गाडून वरून माती चोपायची, कुंपण उताराला आडवं, समपातळीत न्यायचं आणि दोन्ही टोकं चढाकडे वळवायची. कड गाडली नाही तर पाणी खालून जातं. ओढ्याच्या प्रवाहात आडवं लावलं तर पहिल्याच मोठ्या सरीत वाहून जातं. गाळ निम्म्या उंचीपर्यंत आला की काढायचा.

दोन गोष्टी हमखास नजरेतून सुटतात. एक, बेसमेंटच्या पंपाचा पाइप, जो रात्री कुणीतरी थेट पावसाळी गटारात सोडतो. दुसरी, आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी धुतलेलं पाणी. थोडं निवळलं की ते दिसायला बरं दिसतं, पण त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप; 7 म्हणजे उदासीन) 12 च्या आसपास असतो. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला 5.5 ते 9 ची मर्यादा आहे आणि तरंगणाऱ्या घन कणांना लिटरला 100 मिलिग्रॅमची.

आता परवानग्या. अमेरिकेत एक एकर किंवा जास्त जमीन उघडी करणाऱ्या सायटीला पावसाळी पाण्याचा स्वतंत्र परवाना लागतो. आपल्याकडे तसा एकच कागद नाही, अटी विखुरलेल्या आहेत: 20,000 चौरस मीटर किंवा जास्त बांधकामाला 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि महापालिकेच्या अटी. मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला जातो. जूनचा अहवाल पाऊस पडायच्या आधीच लिहून होतो, ही गंमतच! या सगळ्या अटी एका रजिस्टरमध्ये आणून प्रत्येकीपुढे जागा, तारीख आणि जबाबदार माणूस लिहू शकणारी मुलगी कंपनीला सहजी सोडवत नाही.

होकार देण्याआधी तिने विचारावं: जून ते सप्टेंबर मी सायटीवर असेन की ऑफिसात? पंप बंद करायला सांगायचा अधिकार मला आहे का? ड्रेनेजचा नकाशा मी काढणार की फक्त अहवाल भरणार? काम नुसतं अहवाल भरण्याचं असेल तर घेऊ नये. नाहीतर दोन पावसाळे करावेत आणि मग गेट परीक्षा देऊन पर्यावरण किंवा जलसंपदा विषयात एम.टेक. करावं. ईआयए करणाऱ्या सल्लागार संस्थांना नॅबेट या मंडळाची मान्यता लागते. तिथे विषयवार तज्ज्ञ दाखवावे लागतात, त्यामुळे सायटीवरचा अनुभव मोजला जातो. या कामाच्या अमेरिकन सर्टिफिकेटांच्या मागे आत्ता लागू नये. सध्या सिव्हिल थ्रीडी (डिझाइनचं सॉफ्टवेअर), क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आणि सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या संस्थेचं 2019 चं पावसाळी गटारांचं मॅन्युअल एवढं पुरे.

मुलाखतीला जाईल तेव्हा सायटीच्या गेटबाहेरचं पहिलं चेंबर तिने बघून यावं. त्यात मुरूम किती साचलाय त्यावरून पुढचं वर्ष कसं जाईल, याचा अंदाज तिला तिथेच येईल.