अमेरिकेच्या 'धोका वाटला की आधीच हल्ला' या धोरणाला दुसरा पर्याय होता का?

होता की, एक नाही बरेच होते. सप्टेंबर २००२ मध्ये बुश सरकारनं जी नॅशनल सिक्युरिटी स्ट्रॅटेजी (देशाच्या सुरक्षेचं अधिकृत धोरण) आणली तिचा अर्थ सरळ होता, धोका पूर्ण तयार व्हायची वाट बघायची नाही. पण इराकमध्ये नोव्हेंबरपासून युनोची टीम महासंहारक शस्त्रं आहेत का याची परत तपासणी करतच होती, टीमचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणत होते अजून काही महिने लागतील, ते दिलेच नाहीत आणि मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू केलं, ज्या शस्त्रांच्या साठ्यांसाठी केलं ते नंतर सापडलेच नाहीत. मला तरी हे अक्षम्य वाटतं.

उलट १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत मिसाईल खरोखर होती, फोटो हातात होते, लष्करातले बडे अधिकारी हल्ला करा म्हणत होते, तरी तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी समुद्रात नाकेबंदी केली आणि पडद्याआड बोलणी चालू ठेवली, तुर्कस्तानातली स्वतःची मिसाईल काढायचंही गुपचूप कबूल केलं (हे लोकांना बऱ्याच वर्षांनी कळलं) आणि सोव्हिएतनी मिसाईल परत नेली. लिबियानंपण डिसेंबर २००३ मध्ये अणुकार्यक्रम सोडला तो वर्षानुवर्षांचे निर्बंध आणि गुप्त वाटाघाटी यानंतरच. वेळ लागतो, मान्य, पण कोणी खरंच हल्ला केला तर स्वसंरक्षणाचा हक्क युनोच्या चार्टरच्या कलम ५१ मध्ये आहेच.