परदेशी मदतीने गरीब देशात आरोग्यसेवा खरंच उभी राहते का, की पाहुणे परत गेले की सगळं ठप्प होतं?

तुम्ही लिहिलंय की तुमची संस्था आफ्रिकेत दोन आठवड्यांसाठी डॉक्टरांची टीम पाठवणार आहे, आणि विचारलंय की त्याने तिथे काही टिकेल का. मी हॉस्पिटलमधली मशीनं दुरुस्त करायच्या कामात आहे, दान म्हणून आलेली बरीच मशीनं उघडून पाहिली आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

उभी राहते, पण पाहुणे पेशंट तपासतात की तिथले शिक्षक तयार करतात यावर सगळं आहे. इथिओपियाचं बघा. 2003 साली सुमारे 7 कोटी लोकांच्या त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ होते फक्त 11. तोवर हा विषय शिकायचा तर परदेशात जावं लागायचं, आणि गेलेले बरेच जण परत यायचेच नाहीत. मग अदिस अबाबा युनिव्हर्सिटीने देशातच कोर्स सुरू केला आणि टोरांटो युनिव्हर्सिटीला सांगितलं की आमच्याकडे येऊन शिकवा. वर्षातून तीनदा, एकेक महिना, दोन प्राध्यापक आणि एक सिनियर रेसिडेंट (स्पेशालिस्ट व्हायचं शिक्षण संपत आलेला डॉक्टर), बस एवढंच, कोर्स अदिसचा, डिग्री अदिसची, पेशंट तिथलेच. शिकून बाहेर पडलेलेच पुढच्या बॅचला शिकवायला लागले आणि टोरांटोचं काम हळूहळू कमी होत गेलं. मला हे फार मोठं वाटतं, कारण पैसा त्यात तुलनेने कमीच होता, सातत्य मात्र होतं, तीच माणसं परत परत येत होती.

रवांडाने 2012 मध्ये हेच खूप मोठ्या प्रमाणावर केलं. 1994 च्या नरसंहारात डॉक्टर-नर्स मारले गेले, पळून गेले, त्यामुळे शिकवायलाच माणसं उरली नव्हती. अमेरिकन युनिव्हर्सिट्यांचे प्राध्यापक आले आणि प्रत्येकाची एका रवांडन सहकाऱ्याशी जोडी लावली. पैसा थेट तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या हातात, आणि युनिव्हर्सिट्यांनी ऑफिसखर्चासाठी 7 टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही अशी अट. अशा कार्यक्रमांत बराच पैसा देणाऱ्याच्याच देशात परत जातो, म्हणून ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तरी 2017 मध्ये अमेरिकेचा मुख्य निधी ठरल्याच्या आधीच थांबला आणि काम आखडतं घ्यावं लागलं. म्हणजे चांगली भागीदारीसुद्धा एकाच देणाऱ्यावर उभी असली की धोका असतोच.

मशीनचं तर विचारू नका. 110 व्होल्टचं मशीन 220 च्या लाइनवर लावून पहिल्याच दिवशी जळालेलं मी पाहिलंय, आणि नवंकोरं अ‍ॅनालायझर, म्हणजे रक्त वगैरे तपासायचं मशीन, फक्त रीएजंट (तपासणीला लागणारं रसायन) मिळत नाही म्हणून कापड टाकून ठेवलेलं पण, आणि त्याच खोलीबाहेर पेशंट थांबलेले असतात ते बघवत नाही.

तर तुमच्या संस्थेला विचारा, या तारखा कोणी ठरवल्या, आपण की तिथल्या हॉस्पिटलने? टीममधला प्रत्येक जण तिथल्या कोणाबरोबर काम करणार, त्याचं नाव आत्ता माहितीय का? पुढच्या वर्षी हीच माणसं जाणार का? आणि मशीन नेणार असाल तर तिकिटं काढायच्या आधी तिथल्या टेक्निशियनला फोन करा, लाइन किती व्होल्टची आहे, रीएजंट आणि स्पेअर कुठून येतात, त्याला आधीपासून कुठल्या कंपनीचं मशीन दुरुस्त करता येतं, आणि तो सांगेल तेच न्या.