शाळांना खरंच किती पैसा लागतो? अंदाज बांधणाऱ्या नवख्यासाठी

गेल्या वर्षीच्या खर्चात महागाई मिळवून आकडा काढू नकोस. शाळांना काय मिळालं ते त्यातून कळतं, काय लागतं ते नाही. आधी मुलांना काय यायला हवं ते ठरव, मग त्यासाठी लागणारे शिक्षक मोज. सर्वांत मोठा वाटा पगारांचाच असतो. चांगल्या निकालाच्या शाळांचा खर्च प्रमाण मानण्याचीही पद्धत आहे, पण तिथे बहुधा सुस्थितीतली मुलं असतात. म्हणून अनुभवी मुख्याध्यापकांकडूनही गरजा मांडून घे आणि दोन्ही आकडे शेजारी ठेव. गरीब, अपंग, घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी जादा तरतूद धर. दुर्गम शाळेत वर्गात 8 मुलं असली तरी शिक्षकाचा पगार पूर्णच द्यावा लागतो. तिथे कृपा करून दर मुलामागचा सरासरी खर्च लावू नकोस. इमारतींचा हिशेब वेगळा मांड.