गाणं टिकतं कशानं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लोकप्रिय गाणी पिढ्यान्पिढ्या कशी टिकतात, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्यांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

नव्या गाण्याला महिन्याभरात कोटभर व्ह्यूज मिळतात आणि पुढच्या गणपतीला ते कुणाला आठवतही नाही. आईच्या वेळची गाणी मात्र अजून लग्नात म्हणतात. जुनी गाणी खरंच इतकी चांगली होती का? (कागल)

सगळी नव्हती. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट इथेच, कोल्हापुरात, प्रभात कंपनीनं काढला. त्याला गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या जाणकाराचं संगीत होतं. तरी आज एखाद्या वरातीत त्यातलं गाणं ऐकू येत नाही. जुन्या काळाबद्दल बोलताना आपण साठ-सत्तर वर्षांच्या निवडीतून उरलेली मोजकी गाणी एका बाजूला ठेवतो आणि यंदाची झाडून सगळी गाणी दुसऱ्या बाजूला. ही तुलनाच बरोबर नाही.

मग निवड कशावर होते? आमचं स्पष्ट मत आहे: ज्या गाण्याला स्वतःच्या रेकॉर्डिंगची गरज उरत नाही, ते टिकतं. वाद्यमेळ, मूळ गायक, पडद्यावरचं दृश्य हे सगळं काढून घेतलं, तरी साध्या गळ्यानं म्हटल्यावर ते ओळखू आलं पाहिजे आणि म्हणावंसं वाटलं पाहिजे.

'ऐरणीच्या देवा तुला' घ्या. भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' हा चित्रपट १९६५ चा. शब्द जगदीश खेबूडकरांचे, चाल 'आनंदघन' या नावानं खुद्द लता मंगेशकरांची आणि आवाजही त्यांचाच. पडद्यावर लोहाराचं जोडपं आहे. पण शब्द नीट तपासा. त्यात नायकाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, कथेतली एकही घटना नाही. हातावरचं काम, गरिबी, अब्रू, धन्याबद्दलची काळजी आणि सोसायला बळ दे एवढंच मागणं. त्यामुळे चित्रपट न पाहिलेल्या बाईलाही ते आपलं म्हणून गाता येतं. ध्रुवपद दोनच ओळींचं, दोन्ही ओळी सारख्या वजनाच्या आणि शेवट एकाच यमकाचा. पहिली ओळ कानावर पडली की दुसरी आपोआप तोंडात येते. 'ठिणगी' हा शब्द लागोपाठ दोनदा येतो, म्हणजे घावांचा ठेका शब्दांतच बसलेला आहे. तो धरायला ढोलकी लागत नाही.

व्ह्यूज म्हणजे गाणं किती वेळा वाजलं याचा आकडा. किती जणांनी ते स्वतः म्हटलं, हे त्यातून कळत नाही.

पण गीतरामायणाच्या चाली कुठे सोप्या आहेत? रागदारी आहे, जागा अवघड आहेत. तरी ते सत्तर वर्षं टिकलंच की. (गंगावेश, कोल्हापूर)

मुद्दा अगदी रास्त आहे. सोपेपणा हा टिकण्याचा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता म्हणजे वर्षाच्या चक्रात हक्काची जागा मिळणं.

गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला सुरू झालं आणि १९५६ च्या रामनवमीला संपलं. दर आठवड्याला एक, अशी ५६ गाणी झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली (फडक्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९१९ चा). कथा घरोघर आधीच माहीत होती, त्यामुळे ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांकडे आणि चालीकडे राहिलं. पुढे फडक्यांनी वर्षानुवर्षं जाहीर कार्यक्रम केले आणि रामनवमी तर दर वर्षी येतेच. कुठल्याही कार्यक्रमात पाहा, ध्रुवपद सभागृह गुणगुणतं आणि अंतरा शांतपणे ऐकतं. म्हणजे अवघड गाण्यालाही लोकांच्या तोंडी येईल एवढा एक भाग असावाच लागतो.

गणेशोत्सव, हळद, बारसं, जत्रा, शाळेचं संमेलन ही सगळी अशीच हक्काची ठिकाणं. 'नाच रे मोरा' १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातलं आहे. पण ते टिकलं बालवाडीमुळे, कारण तिथे दर वर्षी नवी मुलं येतात.

माझा नातू पंधरा वर्षांचा. त्याच्या बापाच्या कॉलेजातली गाणी त्याला तोंडपाठ आहेत. हे कसं? (इचलकरंजी)

काका, हे बऱ्याच घरांत होतं आणि त्यावर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली विशीतल्या तरुणांना १९५५ ते २००९ या काळातल्या गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले. अलीकडची गाणी त्यांना सगळ्यांत जास्त आठवली, यात नवल नाही. पण आईवडील तरुण असतानाच्या, म्हणजे १९८० च्या आसपासच्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी ठळकपणे जोडलेल्या निघाल्या. १९६० च्या दशकातल्या गाण्यांचा तसाच आणखी एक उंचवटा दिसला. तो बहुधा आजीआजोबांकडून आलेला.

माणूस तरुणपणी ऐकलेलं जन्मभर वाजवतो आणि घरातली लहान मुलं ते आपोआप ऐकतात. मात्र त्यासाठी गाणं घरात मोठ्यानं वाजावं लागतं. प्रत्येकाच्या कानात वेगळा हेडफोन असेल, तर ही साखळी तुटते. स्वयंपाकघरात किंवा गाडीत स्पीकरवर लावलेली गाणी या कामी सगळ्यांत उपयोगी पडतात.

संमेलनात चाळीस मुलांचं समूहगीत बसवते. ध्रुवपद छान होतं, अंतऱ्याला नुसता आरडाओरडा. गाणं निवडताना काय बघू? (गडहिंग्लज)

आवाका आधी मोजा. गाण्यातला सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत वरचा स्वर पेटीवर शोधा. खालच्या पट्टीला शून्य धरून वरच्या स्वरापर्यंत काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजा. १२ भरल्या तर बरोबर एक सप्तक झालं. १२ ते १४ पर्यंत सगळा वर्ग म्हणू शकतो. १५-१६ ला निम्मी मुलं गळतात आणि १७ च्या पुढे आरडाओरडा ठरलेलाच.

मग पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, ठरवा. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (मोबाइलच्या ट्यूनरवर ही 'सी ४' दिसते) वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत मोकळेपणी गाता येतं. गाणं सा ते तार सा (वरच्या सप्तकातला सा) एवढंच असेल, तर पांढरी एक किंवा पांढरी दोनचा सा धरा.

गडबड बहुतेक कॅराओके ट्रॅकमुळे होते. ट्रॅक मूळ गायिकेच्या पट्टीत असतो, समजा काळी पाचमध्ये. अंतरा तार मध्यमापर्यंत गेला, की मुलांचा गळा संपतो. ट्रॅक दोन-तीन पट्ट्या खाली आणायला हरकत नाही. त्याहून जास्त आणला तर वाद्यं खोटी वाटू लागतात आणि खालचे स्वर पुटपुटल्यासारखे येतात. अशा वेळी वरची ती एकच ओळ पाच-सहा तयार मुलांना द्या आणि ध्रुवपदाला सगळे घ्या. मुलं हळूहळू खाली उतरत असतील, तर प्रत्येक अंतऱ्याआधी पेटीवर सा पुन्हा द्या. ओळीच्या शेवटी श्वास संपतो आणि स्वर घसरतो, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा ते वहीत खूण करून ठरवून द्या.

मी गाणी लिहितो, चालीही लावतो. पुढच्या पिढीनंही म्हणावं असं गाणं करायचं तर काय पाळावं? (राजारामपुरी, कोल्हापूर)

हमी कुणीच देऊ शकत नाही. पण गाणं लवकर मरतं ते कशामुळे, हे मात्र नक्की सांगता येतं.

पहिलं कारण श्वास. केरवा तालाचं आठ मात्रांचं आवर्तन (एक पूर्ण फेरी) मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत जेमतेम पाच सेकंदांचं होतं. न शिकलेल्या माणसाचा श्वास आरामात पुरतो तो एवढाच. ध्रुवपदाची ओळ एका आवर्तनात बसवा. दीड आवर्तनाची ओळ झाली, तर लोक मध्येच शब्द गिळतात.

दुसरं, ऱ्हस्व-दीर्घ. दीर्घ अक्षर हवं तेवढं ओढा. ऱ्हस्व ओढलं, की शब्द मोडतो: 'कमळ'मधला 'क' दोन मात्रा लांबवला तर कानाला 'कामळ' ऐकू येतं. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, महत्त्वाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणा. 'आणि', 'की', 'तर' असले शब्द समेवर आले, तर ओळ पोकळ वाटते. सगळ्यांत वरच्या स्वरावर 'आ' किंवा 'ओ' असू द्या. 'ई' आणि 'ऊ' वर साधा गळा आवळतो.

तिसरं, चालीत ओळख आणि नवेपणा दोन्ही हवेत. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली डोक्यात घोळत राहणाऱ्या गाण्यांच्या चाली तपासल्या. वेग जरा जास्त, चढ-उताराचं एकूण वळण ओळखीचं आणि मध्येच एखादी अनपेक्षित उडी, किंवा नेहमीपेक्षा जास्त वेळा परतणारा स्वर, असं त्यांना आढळलं. घोळणं आणि टिकणं एक नव्हे, हे खरं. पण जे घोळतच नाही, ते कुणी दुसऱ्याला म्हणून दाखवणारही नाही.

शब्दांबद्दल एक इशारा. फोनचं मॉडेल, ॲपचं नाव, यंदाचा परवलीचा शब्द पाच वर्षांनी समजावून सांगावा लागतो. यावर कुणी म्हणेल, ऐरण आणि भाता तरी आज शहरात कुठे दिसतात? बरोबर. पण तिथे वस्तूच्या आडून मागणं मागितलं आहे आणि ते मागणं आजही कळतं. वस्तू नुसती मिरवायला आणली असेल, तर ती जुनी झाल्यावर मागे काहीच उरत नाही.

शेवटी परीक्षा घ्या. पेटी-तबला बंद करून, नुसत्या टाळीवर, गाण्याशी संबंध नसलेल्या चार जणांना ध्रुवपद दोनदा ऐकवा. दुसऱ्या दिवशी त्यांना आठवेल तसं म्हणायला सांगा. चौघांनी एकाच जागी चाल बदलली असेल, तर तिथे त्यांची चाल तुमच्यापेक्षा सोयीची आहे. ती ठेवून घ्या.

आमच्या तालमीच्या मिरवणुकीत जुन्या गाण्यांची रिमिक्स लावतात. थोरली मंडळी म्हणतात, गाणं मारलं. खरं का? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

रिमिक्सनं गाणं मरत नाही. चाल एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे लावणं आपल्याकडे भजनी मंडळांत कायमचंच आहे. 'कोंबडी पळाली'ची चाल २०१२ साली नवे शब्द लेवून हिंदी चित्रपटात गेली आणि मूळ गाणं आपल्याकडे होतं तसंच वाजत राहिलं.

चालीची खरी परीक्षा बेंजोवर होते. तिथे शब्द नाहीत, गायक नाही आणि तार छेडली की आवाज लगेच विरतो. लांब मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) त्यात हरवते, तुटक आणि परतणारे स्वर उठून दिसतात. बेंजोच्या दोन ओळींत पोरांनी गाणं ओळखून शब्द म्हणायला सुरुवात केली, तर ते गाणं अजून जिवंत आहे.

नुकसान होतं ते वेगानं. एका मात्रेत दोन अक्षरं असतील, तर ९० च्या लयीत सेकंदाला तीन अक्षरं म्हणावी लागतात. तेच १३० वर नेलं तर चारच्या वर. चालता-नाचता एवढं म्हणता येत नाही, माणसं नुसती ओरडतात, आणि हळूहळू नव्या पोरांना शब्दच माहीत नसतात. त्यावर उपाय सोपा आहे. गाण्याची लय १००-११० च्या आसपास ठेवा आणि हलगीला दुगुन (दुप्पट लयीत) वाजवायला सांगा, घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्यं मूळ लयीतच राहू देत. जोर वाढतो, शब्द जागेवर राहतात. आणि किमान एक अंतरा तरी पुरा वाजू द्या.

जुनं गाणं नव्यानं रेकॉर्ड करून टाकायला परवानगी लागते का? (जयसिंगपूर)

लागते. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. खेबूडकर २०११ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रिकेचा हक्क वेगळा, प्रकाशनापासून ६० वर्षं. मूळ ध्वनिमुद्रिकेची मुदत संपली, म्हणून शब्द-चाल मोकळी होत नाही. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला मात्र कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि हळदीची गाणी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटवर आहेत. कशा वाचवू? (भुदरगड)

लगेच हात घाला, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटच्या फितीला बुरशी धरते. खिडकीतून पांढरे ठिपके दिसत असतील, तर ती कॅसेट वाजवू नका. हेड खराब होईल आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. ती वेगळी ठेवून जाणत्या माणसाला दाखवा.

बाकीच्यांचं असं करा. डेकचं हेड आणि रबरी रोलर कापसानं पुसा, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली फीत त्यानं मोकळी होते आणि अडकून तुटायची भीती कमी होते. मागचे दोन प्लॅस्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. डेकच्या लाइन आउटमधून वायर थेट कॉम्प्युटरला जोडा, स्पीकरसमोर मोबाइल धरू नका. डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. एमपीथ्री नंतर वाटायला काढता येते. आवाजाची पातळी लाल रेघेच्या बरीच खाली असू द्या. फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही. खरखर काढलेली प्रत वेगळी करा आणि मूळ फाइलला हात लावू नका. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.

फाइलच्या नावात गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, अंदाजे साल आणि ओवी कधी म्हणायची (दळताना, हळदीला की पाठवणीला) हे लिहा. आजी असतील तर त्यांच्याजवळ बसून शब्द उतरवून घ्या. न कळलेला शब्द त्यांनाच विचारा आणि त्या उच्चारतील तसाच लिहा, प्रमाण मराठीत सुधारू नका. घरातल्या एखाद्या मुलीला त्यातल्या दोन ओव्या चालीसह शिकवा आणि तिच्या आवाजातही रेकॉर्ड करा. पुढच्या हळदीला ती कॅसेट कुणी लावणार नाही, तिथे म्हणणारी हवी.