येणं मागायला लाज कसली?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तू बाबांबरोबर येऊन गेलीस. फाईल उघडून एकेक कागद पुढं ठेवलास: एमबीए, टॅली, डिजिटल मार्केटिंग, कसलंसं इंग्रजी संभाषणाचं. आणि विचारलंस, "काका, पुण्याला जाऊन अजून एखादा कोर्स करू का?" तेव्हा मी काही बोललो नाही. बोललो असतो तर चिडून बोललो असतो, आणि तुझा चेहरा आधीच उतरलेला होता. म्हणून हे पत्र.

कोर्सबद्दल मला काही म्हणायचं नाही. कुपवाडच्या त्या कारखान्यातली नोकरी तू का सोडलीस, ते तू सहज सांगून गेलीस, तिथं मी अडकलोय. मालकांनी तुझ्या हातात थकबाकीची यादी दिली आणि पार्ट्यांना, म्हणजे उधारीवर माल नेलेल्या गिऱ्हाइकांना, फोन लावायला सांगितलं. तू दोन दिवस टाळलंस, तिसऱ्या दिवशी घरी राहिलीस. "वसुली करायला मी एमबीए केलं का?" असं म्हणालीस.

हो. त्याचसाठी केलंस. ते कुणी तुला सांगितलं नाही, एवढंच.

पोरी, मिरजेत मोटारी आणि पंपांच्या सुट्या भागांचं दुकान मी उभं आयुष्य चालवलं. बेअरिंग, सील, इंपेलर, वाइंडिंगची तार. त्यातून कळलेली एकच गोष्ट तुला देतो: पैसा हातात आला तरच विक्री झाली. बिल फाडलं म्हणजे विक्री झाली असं समजणारा माणूस दुकानदार नव्हे, तो गावाला फुकट माल वाटणारा दानशूर.

हिशेब घे, कागदावर मांड. एक लाखाचा माल विकलास, नफा दहा टक्के. म्हणजे तुझे ९०,००० रुपये त्या मालात गेले. पार्टी बुडाली, तर ते ९०,००० भरून काढायला तुला आणखी नऊ लाखांचा माल विकावा लागेल, आणि तोही सगळा रोखीनं वसूल व्हायला हवा. बुडाली नाही, नुसती चार महिने लांबली, आणि धंद्यासाठी बँकेकडून घेतलेलं कर्ज, कॅश क्रेडिट, बारा टक्क्यांचं असलं, तर ३,६०० रुपये व्याजात गेले. दहा हजारांच्या नफ्यातला एक तृतीयांशाहून जास्त! वर जीएसटी आहेच. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला बिलावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. पार्टीनं तुला पैसे दिले की नाही, हे सरकार विचारत नाही. एखादी पार्टी थकली की आपण आपल्या खिशातून तिचा कर भरत असतो. हे ज्याला कळलं त्याला फोन उचलायची लाज वाटत नाही.

आणि फोन लावणं हे हलकं काम आहे असं तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? त्यात अख्खा धंदा आहे. फोनच्या आधी खातं उघडावं लागतं. कुठलं बिल, कुठल्या तारखेचं, माल पोचल्याची सही आहे का, त्यातला काही माल परत आलाय का, दरात फरक पडून डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापायचा कागद, अडकलीय का. निम्म्या वेळा पार्टीनं पैसे थांबवलेले असतात ते आपल्याच गोंधळामुळं. चुकीचा सील गेलेला असतो, कुणी बदलून दिलेला नसतो, आणि तो माणूस रागानं गप्प बसलेला असतो. तुझ्या त्या कारखान्यात माल कुठं नापास होतो, पॅकिंग कुठं फुटतं, गाडी कुणाकडं उशिरा जाते, हे सगळं त्या यादीत लिहिलेलं होतं. मालकांनी तुला कारखान्याची किल्ली दिली होती, आणि तुला तो अपमान वाटला.

फोनवर पैसे मागू नकोस, तारीख माग. "बघतो" म्हणाला तर "कधी बघता?" असं विचार. तारीख मिळाली की त्याच्या नावासमोर लिहून घे आणि त्या तारखेला सकाळी फोन कर. दुपारी नाही, सकाळी. दुपारपर्यंत त्याच्याकडचे पैसे दुसऱ्यानं नेलेले असतात. आवाज चढवायचा नाही, गयावया करायची नाही. दिलेला माल चोख असेल तर आपलं येणं मागणं हा आपला हक्क आहे.

पुढची गोष्ट कुठल्या वर्गात शिकवत नसतील, ती अशी की समोरच्याचा पैसा कधी येतो हे आपल्याला पाठ पाहिजे. आपल्या भागात शेतकऱ्याच्या हातात पैसा वर्षभर सारखा नसतो. उसाचं बिल कायद्यानं १४ दिवसांत यायला हवं, पण ते कधी येतं हे तुझ्या बाबांना विचार. हळदीची आवक जानेवारी-फेब्रुवारीनंतर वाढते, द्राक्षाचा बेदाणा उन्हाळ्यात निघतो. वाळव्याच्या ऊसवाल्याला नोव्हेंबरात तगादा लावून काय मिळणार? साखर कारखान्याचं बिल जमा व्हायच्या आठवड्यात जाऊन उभं राहायचं. मी तसा उभा राहिलोय, पावसात, चिखलात, कितीदा तरी.

आणि हे सगळं मी एकटा म्हणतो असं नाही. आपला बेदाण्याचा बाजार बघ. तासगाव-सांगलीत दिवाळीच्या सुमाराला सौदे बंद ठेवतात, साधारण महिनाभर. माल कोल्ड स्टोरेजमध्ये भरलेला असतो, तरी सौदा नाही. आधी सगळ्यांनी मागची बाकी शून्यावर आणायची, मग नवा व्यवहार. झिरो पेमेंट म्हणतात त्याला. अख्खा बाजार स्वतःहून विक्री थांबवतो आणि वसुलीला बसतो! एवढे मोठे व्यापारी, अडते यात कमीपणा मानत नाहीत, आणि तू दोन फोनांना घाबरलीस.

कायदाही शिकून घे, तो तुझ्या बाजूचा आहे. त्या कारखान्याची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडं उद्यम नोंदणी असेल, तर खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. त्याहून उशीर केला तर २०२३-२४ पासून तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्याला आयकरात धरता येत नाही. शिवाय १८० दिवसांत बिल चुकतं केलं नाही तर त्यानं घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे त्या खरेदीवरच्या जीएसटीची मिळालेली वजावट, त्याला उलटवावं लागतं. मार्चच्या आधी मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स खात्याला एवढ्या दोन गोष्टी शांतपणे आठवण करून दिल्या, तर किती फाईली हलतात बघ. हे कळायला तुझी डिग्री उपयोगी पडेल. मला तर सगळं सीएच्या पायरीवर बसून शिकावं लागलं.

आता तू मनात म्हणत असशील की काकांनी वसुलीपायी माणसं तोडली. तुझ्या आईनं सांगितलंच असेल. माझ्या मेहुण्यांचं तासगाव रस्त्याला दुकान होतं, माल माझ्याकडून जायचा. बाकी वाढत गेली, मी पुढचा माल थांबवला. बहिणीनं त्या दिवाळीला ओवाळायला बोलावलं नाही, आणि पुढंही नाही. ती गेली तेव्हाही आमचं नीट बोलणं नव्हतं. याची खंत मला रोज आहे. पण माल थांबवला ते बरोबरच केलं. थांबवला नसता तर माझं दुकान गेलं असतं, माझ्याकडं कामाला होती त्या पोरांचे पगार गेले असते, आणि मेहुण्यांचं दुकान काही वाचलं नसतं. लोक म्हणतात, नात्यात एवढं ताणायचं नसतं. मी म्हणतो, नात्यात पहिल्या बिलापासून मागायला हवं, म्हणजे ताणायची वेळ येत नाही. दुसऱ्या महिन्यात जे हसत मागता येतं, ते दुसऱ्या वर्षी भांडून मागावं लागतं.

मागणं कमीपणाचं आहे असं वाटत असेल तर कर्मवीर भाऊराव पाटलांना आठव. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत फिरले होते. शेतकऱ्याशी बोलायचं, त्याला पटवायचं, त्याच्याकडून पैसे घ्यायचे, हे त्यांना त्या फिरतीतच गवसलं असणार असं मला नेहमी वाटतं. पुढं मुलांच्या वसतिगृहासाठी ते गावोगाव धान्य मागत, पैसे मागत हिंडले. त्या मागण्यातून शाळा उभ्या राहिल्या. ते तर दुसऱ्यांच्या लेकरांसाठी मागत होते. तुला विकलेल्या मालाचे पैसे मागायचेत.

तुझं इंग्रजी चांगलं आहे, एक्सेल माझ्या पोरापेक्षा चांगलं आहे. ते सगळं कामी येईल, पण या एका कामाच्या पाठीमागून. जिला येणं वसूल करता येतं तिला किंमत ठरवता येते, उधारी कुणाला द्यायची ते कळतं, गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं. बाकीचं तिला कुणीही शिकवील.

तू जाताना बाबा हळूच म्हणाले, त्या मालकांना तुम्ही एक शब्द टाका. मी टाकणार नाही. माझ्या शब्दावर परत गेलीस तर यादी पुन्हा दुसऱ्याच्या टेबलावर जाईल. सोमवारी तू स्वतः जा. राजीनामा लेखी दिलेला नाहीस, म्हणजे दार उघडं आहे. त्यांना सांग, मला तीच यादी द्या. मिळाली की ९० दिवसांच्या वरची बिलं वेगळी काढ, प्रत्येक बिलाला माल पोचल्याचं डिलिव्हरी चलन लाव, आणि सगळ्यात लहान रकमेच्या पार्टीपासून सुरुवात कर. पहिला फोन अकराच्या आत लाव. त्यानं काय तारीख दिली ते मला संध्याकाळी कळव.

तुझा,
काका