प्रत्येक परिच्छेदाला संदर्भ दिले, तरी मार्गदर्शक 'यात युक्तिवाद कुठे आहे?' असं का विचारतात?

तुम्ही लिहिलंय की वीस पानांच्या निबंधात पन्नासच्या वर संदर्भ आहेत, आणि तरी मार्गदर्शकांनी समासात एवढाच शेरा मारला. त्यात एका सहाध्यायाने 'रेटरिक (पटवून देण्याची कला) वाढव' असा सल्ला दिला आणि गोंधळ वाढला. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणावर जवळजवळ हाच शेरा आला होता. तेव्हा मला तो अन्याय वाटला, कारण मी खरोखरच खूप वाचलं होतं. पुढे बऱ्याच महिन्यांनी ते प्रकरण पुन्हा हातात घेतलं तेव्हा दिसलं की त्यात अमुक म्हणतात, तमुक म्हणतात अशी मतं ओळीने मांडली होती, पण ती मी एकत्र का आणली हे सांगणारं वाक्य कुठेच नव्हतं.

युक्तिवाद म्हटलं की आपल्याला आधी भांडण आठवतं. ते बाजूला ठेवा आणि न्यायदर्शनातलं, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेतलं, जुनं उदाहरण घ्या. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराचा, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. सगळा भार तिसऱ्या वाक्यावर आहे. धूर आणि आग यांचा नेमाने असणारा संबंध, म्हणजे व्याप्ती, तिथे उघडपणे सांगितली जाते. 1958 साली स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने युक्तिवादाची जी रचना मांडली, तीत दावा आणि आधार यांच्या मधोमध 'वॉरंट' नावाची एक जागा आहे. तिचं कामही असंच: या आधारावरून या दाव्याकडे जाण्याची परवानगी कशामुळे मिळते, ते सांगणं.

आपल्या निबंधांतून नेमकं हे तिसरं वाक्य गळतं. समजा तुम्ही लिहिलं, 'जी मुलं पडद्यासमोर जास्त वेळ बसतात त्यांना वाचनात कमी गुण मिळतात. म्हणजे पडद्यामुळे वाचन बिघडतं.' पहिल्या अर्ध्या भागाला तुम्ही पाच संदर्भ द्याल आणि पाचही बरोबर असतील. पण मधलं वाक्य कागदावर उतरवून बघा: 'दोन गोष्टी एकत्र आढळल्या की त्यांतली एक दुसरीचं कारण असते.' असं उघडं लिहिलं की ते टिकत नाही हे तुमचं तुम्हालाच दिसतं. ज्यांना वाचायला जड जातं तीच मुलं पडद्याकडे वळत असतील, अशीही शक्यता आहे. पाचाचे पंधरा संदर्भ केले तरी ती शक्यता जात नाही. ती घालवायला वेगळा पुरावा लागतो, नाहीतर दावा आवरता घ्यावा लागतो. मार्गदर्शक शोधत होते ते बहुधा हेच.

आता संदर्भांबद्दल. वाङ्मयचौर्याचा आरोप टाळण्यासाठी संदर्भ द्यायचा, एवढंच आपल्याला शिकवलं जातं. ते खरं आहे, पण फार अपुरं आहे. संदर्भ म्हणजे वाचकाला दिलेलं वचन असतं: मी जे म्हणतोय ते तुम्हाला तिथे सापडेल. हे वचन पोकळ निघालं तर काय होतं याचं एक उदाहरण मला कधीच विसरता येत नाही. 1980 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात भरती असताना अफूजन्य वेदनाशामकं दिलेल्या 11,882 रुग्णांच्या नोंदींत, आधी व्यसनाचा इतिहास नसताना व्यसन लागल्याची नीट नोंदलेली प्रकरणं फक्त चार आढळली, असं त्यात होतं. पत्र खोटं नव्हतं. पण पुढे ते भलत्याच दाव्यांच्या मागे लागत गेलं. 2017 साली त्याच नियतकालिकात त्याच्या उद्धरणांची मोजणी प्रसिद्ध झाली. 608 उद्धरणांपैकी सुमारे 72 टक्क्यांनी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि सुमारे 80 टक्क्यांनी ते रुग्ण रुग्णालयात भरती होते हे सांगितलंच नव्हतं. रुग्णालयात देखरेखीखाली दिलेल्या औषधावरून घरी महिनोन्‌महिने घ्यायच्या औषधाबद्दल बोलायचं तर तिसरं वाक्य लागतं. ते बहुतेकांनी लिहिलं नाही, कारण शेजारी संदर्भ दिसत होता. त्या औषधांच्या व्यसनापायी पुढे उत्तर अमेरिकेत किती माणसं दगावली हे आपण जाणतो, आणि त्या संकटाला या उद्धरणांनी हातभार लावला असा त्या मोजणीचा निष्कर्ष आहे.

म्हणून मूळ मजकूर स्वतः वाचल्याशिवाय त्याचा संदर्भ देऊ नका. मूळ मिळालंच नाही, तर 'अमुक यांच्या लेखात उद्धृत' असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही. संदर्भ देताना क्रियापदही जपून निवडा. 'सिद्ध केले आहे', 'आढळले आहे', 'सुचवले आहे', 'असा त्यांचा दावा आहे' ही चार वेगळी विधानं आहेत. पाहणीत आढळलेली गोष्ट तुम्ही 'सिद्ध केली' म्हणून लिहिलीत, तर संदर्भ बरोबर असूनही वाक्य खोटं होतं.

इथेच रेटरिकचा विषय येतो. रेटरिक म्हणजे शब्दांची सजावट, हा समज सोडून द्या. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने पटवून देण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि खुद्द युक्तिवाद. संशोधनलेखनात भावनेला जागा थोडी, पण विश्वासार्हतेला फार मोठी आहे, आणि ती मोठाल्या विशेषणांनी येत नाही. 'या मर्यादेत', 'बहुतांश', 'असे दिसते' असे शब्द योग्य जागी वापरणारा लेखक वाचकाला भरवशाचा वाटतो. त्याहून जास्त भरवसा येतो तो पूर्वपक्षामुळे. आपल्या परंपरेत विरुद्ध बाजू आधी मांडायची आणि मग सिद्धान्ताकडे जायचं, ही रीतच होती. विरोधकाने स्वतः वाचून 'हो, माझं म्हणणं असंच आहे' म्हणावं, इतक्या प्रामाणिकपणे ती मांडा, आणि तिच्यातल्या सर्वांत समर्थ लेखकाचा संदर्भ द्या. दुबळा विरोधक शोधून त्याला पाडण्यात काही मिळत नाही.

संदर्भ लिहिण्याची पद्धत एपीए की एमएलए, ही काळजी सर्वांत शेवटी करा. त्यांतला फरक मात्र कळला की नियम लक्षात राहतात. संशोधन किती ताजं आहे हे जिथे महत्त्वाचं, तिथे एपीए लेखकासोबत वर्ष मागते. जिथे नेमक्या शब्दांवर चर्चा चालते, तिथे एमएलए पृष्ठक्रमांक मागते.

आता निबंधाची एक वेगळी प्रत काढा आणि 'अमुक म्हणतात' छापाचं प्रत्येक वाक्य तिच्यातून खोडा. उरलेली वाक्यं सलग वाचा. त्यांतून काही म्हणणं उभं राहत नसेल, तर आणखी वाचायला बसू नका. तुमच्या संशोधनप्रश्नाचं उत्तर आधी एका वाक्यात लिहा, आणि मग पन्नास संदर्भांपैकी प्रत्येकाला विचारा की या उत्तरासाठी तू काय करतोस. मी हे केलं तेव्हा माझे निम्म्याहून जास्त संदर्भ गळाले, आणि मार्गदर्शकांनी ते प्रकरण पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं.