कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन कोठे विकावी?

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

वडिलांनी शिवलेल्या चपला ॲमेझॉनवर ठेवाव्यात, मीशोवर, इन्स्टाग्रामवर की स्वतःचे संकेतस्थळ काढावे, असे तू विचारले आहेस. माझे मत आरंभीच सांगतो: पहिले सहा महिने इन्स्टाग्रामवर माल दाखव आणि विक्री व्हॉट्सॲप बिझनेसवरूनच कर. यामागचे मुख्य कारण कमिशन नसून परत येणारा माल हे आहे.

बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे आधी कडक असते आणि वापराने सैलावते, हे तुला सांगायला नको. परंतु दूरच्या शहरातील गिऱ्हाईक नेहमीच्या बुटाचा नंबर पाहून जोडी मागवते, अंगठा घट्ट लागला की घरात चार पावले चालून ती परत करते, आणि तेवढ्यात चामड्यावर पायाचा डाग उमटल्यामुळे ती नवी म्हणून विकता येत नाही. समजा, बाराशेच्या जोडीत तुला साडेतीनशे सुटतात. जाण्यायेण्याचे कुरिअर दोनशे आणि डागामुळे उतरवावी लागलेली किंमत तीनशे धरली, तर एक परतावा जवळजवळ दीड जोडीचा नफा खातो. व्हॉट्सॲपवर मात्र तू गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल ठेवून त्याची लांबी-रुंदी मोजायला सांगू शकतोस, आणि चप्पल पहिले काही दिवस आवळ राहील हे पैसे घेण्याआधीच समजावू शकतोस. ॲमेझॉनसारख्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत हे संभाषण होतच नाही. तेथे गिऱ्हाइकाचा पत्ता आणि ओळख बहुधा बाजारपेठेकडेच राहते, त्यामुळे दुसऱ्या जोडीसाठी त्याला थेट हाक मारता येत नाही.

मीशो विक्रेत्याकडून कमिशन घेत नाही, हे खरे आहे. पण तेथे तुझ्या चामड्याशेजारी रेक्झिनची नक्कल निम्म्याहून कमी दरात दिसेल, आणि फोटोत फरक कळत नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव ठरावीक प्रदेशातील मालापुरते राखणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले असून त्यात महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे येतात. वडिलांची त्या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घे, कारण खऱ्या मालाची किंमत मागण्यासाठी तो आधार मोलाचा आहे.

ऑनलाइन विकायचे तर जीएसटीची पूर्ण नोंदणी लागतेच, असा गैरसमज पुष्कळांना असतो. खरे तर वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असल्यास, 1 ऑक्टोबर 2023 पासून, ऑनलाइन बाजारपेठेतूनही केवळ आपल्या राज्यात माल विकण्यासाठी पूर्ण नोंदणी लागत नाही, नावनोंदणी क्रमांक पुरतो. परराज्यात माल पाठवायचा तर मात्र, विक्री व्हॉट्सॲपवरून असली तरी, सर्वसाधारणपणे नोंदणी आवश्यक ठरते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सूट आहे, तेव्हा आपला माल त्यात बसतो का, हे कर सल्लागाराकडून लेखी घे.

एकाच वेळी सगळीकडे दुकान मांडू नकोस, हे मी कळकळीने सांगतो. मी एका दिवाळीत तीन ठिकाणी माल ठेवला आणि आठ नंबरची शेवटची जोडी दोघांना विकली गेली. एक ऑर्डर रद्द करावी लागली, विक्रेता म्हणून माझे गुणांकन घसरले, आणि ऐन हंगामात माझा माल शोधात मागे पडला. यंत्रावर निघणाऱ्या मालाचे ठीक आहे, पण हाताने शिवलेली जोडी मागणी आली म्हणून रातोरात होत नाही.

मोठ्या बाजारपेठेत पुढे जायचेच आहे, कारण कोठेही माल पोहोचवण्याची सोय आणि अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास तेथे आयता मिळतो. त्यासाठी पहिल्या पन्नास जोड्यांचा हिशेब वहीत उतरव: कोणता नमुना गेला, कोणता नंबर परत आला, कारण काय सांगितले. ती वही घेऊन गणपतीनंतर ये. परत न आलेले दोन-तीन नमुने निवडून तेवढेच तेथे ठेवू.

तुझा हितचिंतक